पोस्टिंग त्याची, पत्ता माझा

मराठी फौजेला दिल्लीत घर करायचं कधी सुचलं नाही. 1737च्या मार्चमध्ये पहिला बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर धडकला, तालकटोऱ्यापाशी त्याची छावणी पडली आणि बादशहाच्या उरात धडकी भरवून तो काही दिवसांतच माघारी वळला. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी शहर ताब्यात घेतलं, दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडली आणि फौज पानिपताच्या वाटेला लागली. शिंद्यांचा अंमल तेवढा बराच टिकला. तोही 11 सप्टेंबर 1803 रोजी यमुनेच्या पूर्वेला, पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने संपवला. फेब्रुवारी 2025 मध्ये तालकटोरा स्टेडियममध्ये 98वं मराठी साहित्य संमेलन भरलं, तारा भवाळकरांचं भाषण ऐकायला आम्ही दिल्लीकर मराठी माणसं दाटीवाटीने बसलो आणि तीन दिवसांनी तोही मांडव उठला. दिल्लीत यायचं, गाजवायचं आणि परतायचं, ही आपली जुनी रीत.

त्या 1803च्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या हिरवळीत उभा आहे. जिथे शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी पडले, तिथे आता निवृत्त साहेब लोक सकाळी चेंडू टोलवतात. त्या गोल्फ कोर्सच्या जवळच सेक्टर 28, 29 आणि 37 मध्ये अरुण विहार ही फौजींची वसाहत आहे. नाव सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचं. जन्म पुण्याचा, रेजिमेंट पूना हॉर्स, आणि 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या रणगाड्यांच्या लढाईत वीरगती, वयाच्या एकविसाव्या वर्षी. ज्याला घराचा विचार करण्याइतकंही आयुष्य मिळालं नाही, त्याच्या नावाच्या वसाहतीत आमचं घर आहे. ते घेतलं तेव्हा माझा नवरा दिल्लीत नव्हता, नोएडात नव्हता, फोनच्या टप्प्यातही रोज असायचा असं नाही. तो फील्डवर होता.

फौजी मंडळींच्या बैठकीत एक प्रश्न दर पोस्टिंगच्या मोसमात नव्याने निघतो. दिल्लीत पोस्टिंग आलीच आहे, तर इथेच एखादं घर घेऊन टाकावं का? विचारणारा बहुधा मेजर असतो, लग्नाला सात-आठ वर्षं झालेली, एक मूल शाळेत. उत्तरं देणारे पुष्कळ. कुणी म्हणतो द्वारका, कँटपासून जवळ. कुणी म्हणतो गुरगाव, भाव चढतोय. कुणी म्हणतो वेडा आहेस का, सरकारी क्वार्टर सोडून हप्ते कशाला भरतोस. मग डिफेन्स कॉलनीचा दाखला येतोच. फाळणीत लाहोर-रावळपिंडीची घरं गमावून आलेल्या अधिकाऱ्यांना 1950च्या दशकात तिथे प्लॉट मिळाले, तेव्हा ती जागा शहराच्या काठावर होती. आज तिथल्या एका मजल्याची किंमत ऐकून कर्नललाही खुर्चीत सावरून बसावं लागतं. तो दाखला ऐकला की प्रत्येकाला वाटतं, आपली डिफेन्स कॉलनी कुठेतरी वाट पाहतेय आणि आपल्याला फक्त सेक्टरचा नंबर कळायचा राहिलाय.

मी त्या बैठकीत बरीच वर्षं चहाचे कप पुढे करत बसले. ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली. सगळी चर्चा पोस्टिंगभोवती फिरते, म्हणजे त्या घरात जो सगळ्यात कमी राहणार त्याच्याभोवती.

पोस्टिंग म्हणजे काय ते आम्हाला पाठ आहे. पीसला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येतं अशा छावणीत, अडीच-तीन वर्षं, मग फील्ड, जिथे त्याने एकट्याने जायचं, मग पुन्हा पीस. हातात मूव्हमेंट ऑर्डर पडली की माळ्यावरच्या काळ्या पेट्या खाली येतात. त्यांच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. जुन्या युनिटचा पत्ता खरवडून नवा लिहायचा, तर आधीचे दोन-तीन पत्ते खालून डोकावतात. मग मार्चिंग आउट, म्हणजे क्वार्टर परत करणं. छावणीच्या इमारती सांभाळणाऱ्या एमईएसचा माणूस यादी घेऊन येतो, पंखे मोजतो, गीझर मोजतो, खिडकीची तडकलेली काच पाहून मान हलवतो आणि बॅरेक डॅमेजेसची पावती फाडतो. नव्या गावी मार्चिंग इन. तिथे आधी यादीत नाव, मग क्वार्टर मिळेपर्यंत तात्पुरती सोय, कधी मेसच्या दोन खोल्या, कधी कुणाच्या तरी रिकाम्या घरात. अशा आयुष्यात 'पोस्टिंगजवळ घर' म्हणणं म्हणजे पाणी कुठून वाहतंय ते पाहून तिथे विहीर खणण्यासारखं आहे. पुढच्या पावसाळ्यात प्रवाह दुसरीकडून जातो.

आणि दिल्लीचं तर असं की इथे माणूस हलला नाही तरी ऑफिस हलतं. 16 सप्टेंबर 2021 रोजी कस्तुरबा गांधी मार्ग आणि आफ्रिका अव्हेन्यूवरच्या नव्या संरक्षण कार्यालयांचं उद्घाटन झालं आणि साउथ ब्लॉकच्या आसपासच्या जुन्या बराकींमधले सुमारे 7,000 कर्मचारी तिकडे गेले. लष्कराच्या मुख्यालयासाठी दिल्ली कँटमध्ये नव्या थल सेना भवनाची पायाभरणी फेब्रुवारी 2020 मध्ये झाली. जुनं सेना भवन जवळ पडावं म्हणून यमुनेपलीकडे घर घेतलेल्याला उद्या रोज सकाळी रिंग रोड गाठावा लागेल. जवळ-लांब हे दिल्लीत नकाशावर ठरत नाही, धौला कुवाँच्या कोंडीत ठरतं.

माझ्या नवऱ्याने हे सगळं मांडून पाहिलं होतं. तो पायदळातला असला तरी हिशेबाला पक्का. त्याच्या वहीतला तक्ता आजच्या आकड्यांत मांडायचा तर असा होईल. घर 1 कोटीचं. 20 लाख आपले, 80 लाख कर्ज, 20 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी. महिन्याचा हप्ता साधारण 69 हजार. ते घर भाड्याने दिलं तर 25 हजारांच्या आसपास सुटणार. म्हणजे दर महिन्याला 44 हजार खिशातून, वर सोसायटीचा मेंटेनन्स, वर भाडेकरू बदलला की रंगरंगोटी. क्वार्टरमध्ये राहिलो तर लायसन्स फी किरकोळ, पण घरभाडे भत्ता बुडतो. स्वतःच्या घरात राहिलो तर तो भत्ता हातात येतो. 2024च्या जानेवारीपासून दिल्लीसारख्या एक्स वर्गातल्या शहरात तो मूळ वेतनाच्या 30 टक्के आहे. तात्पर्य, पोस्टिंगच्या गावात घेतलेलं घर पोस्टिंग असेपर्यंत परवडतं. बदली झाली की ते दुसऱ्याचं घर होतं आणि हप्ता तेवढा आपला राहतो.

तक्ता बरोबर होता. त्यात मी मात्र कुठेच नव्हते.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. अमेरिकेत 1944च्या कायद्यापासून सैनिकाच्या गृहकर्जाला सरकार हमी देतं, त्यामुळे पदरचा पैसा न घालताही घर घेता येतं. तिथे तळाजवळ घर घ्यायचं, बदली झाली की विकायचं किंवा भाड्याने द्यायचं, ही पुष्कळांची चाल. ब्रिटनने 2014 पासून फौजींना पगाराच्या निम्म्यापर्यंत बिनव्याजी उचल द्यायला सुरुवात केली, तीही घरासाठीच. आपल्याकडे आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं कर्ज आहे, डीएसओपी या फौजींच्या भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढता येतात, आणि निवृत्तीच्या वेळी निम्म्यापर्यंत पेन्शन विकून एकरकमी पैसे घेता येतात, ते पेन्शन 15 वर्षांनी पूर्ववत होतं. या रकमेत आपल्याकडे घर होतं ते बहुधा शेवटच्या पोस्टिंगनंतर. तोवर संसार पेट्यांत.

घराचा धडा मला मिळाला तो सासरच्या ओसरीवर. सासर सातारा जिल्ह्यातलं. या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं एक गाव आहे, त्याच्या नावापुढे लोक आणि सरकारी कागदही 'मिलिटरी' जोडतात, इतक्या पिढ्या घरटी माणूस फौजेत. आमचं गाव तेवढं नावाजलेलं नाही, पण वळण तेच. सासरे, आबा, बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री सेंटरमध्ये भरती झाले आणि सुभेदार होऊन घरी आले. त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता. "नोकरी सरकार सांगंल तिथं, घर गावात," हा त्यांचा कायदा. त्यांनी अंबाल्यापासून तेजपूरपर्यंत छावण्या पाहिल्या, पण कुठल्या शहरात एक वीटही विकत घेतली नाही. गावात मात्र दगडी जोत्याचं, चार खणांचं घर उभं राहिलं. ओसरीवर त्यांचा गणवेशातला फोटो, दारावर पितळी पाटी, पाटीवर हुद्दा आणि नाव.

आम्ही घराची चर्चा काढली तेव्हा आबांनी त्या पाटीकडे बोट दाखवलं. "हे बघा, मी बांधलं. कुठं होतो मी? सिक्कीममधी."

सासूबाई चुलीपुढून उठूनही आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, "त्यांनी पैसं धाडलं. घर म्या बांधलं."

मग जेवताना तुकड्यातुकड्यांनी सगळं निघालं. मनीऑर्डर आली की पोस्टमन ओसरीवर बसून पैसे मोजायचा. गवंड्याशी घासाघीस त्यांनी केली. सातबाऱ्यावर भावकीने हरकत घेतली तेव्हा तलाठ्याच्या दारात त्या बसल्या, कडेवर माझा नवरा. पावसाळ्याआधी कौलं चढावीत म्हणून गळ्यातली बोरमाळ मोडली, ते आबांना दोन वर्षांनी रजेत कळलं. जोतं किती उंच घ्यायचं, न्हाणीघर कुठे, गोठा घरापासून किती लांब, हे सगळं ठरवलं त्यांनी, कारण तिथे राहणार त्या होत्या. आबा रजेवर येत ते पाहुण्यासारखे. कुठल्या फडताळात काय आहे ते विचारावं लागे. निवृत्त होऊन आले तेव्हा कुठे ते त्या घरात राहायला शिकले.

गावाकडून परतताना मी रेल्वेत नवऱ्याला म्हटलं, "तुझा तक्ता परत काढ. त्यात पोस्टिंगचा रकाना आहे, तो खोड. तू नसशील तेव्हाचा रकाना घाल."

तो रकाना भरायला लागलो तसं चित्र पालटलं. मुलगी आठवीत होती. फौजी घरात मुलांच्या शाळा किती बदलतात याला गणती नाही; आर्मी पब्लिक स्कूल नाहीतर केंद्रीय विद्यालय, दर वेळी नवा वर्ग आणि नवी बाकं. पण नववी लागली की बहुतेक बायका पाय रोवतात. बोर्डाच्या परीक्षेआधी शाळा हलवायची नाही, हा आमच्यातला अलिखित नियम आहे. नवऱ्याची पीस पोस्टिंग संपून फील्ड लागते ती नेमकी याच सुमाराला. कुटुंबासाठी सेपरेटेड फॅमिली क्वार्टर मिळतात, पण त्यांनाही रांग आणि मुदत असते, आणि मुलीची बारावी त्या मुदतीत बसेलच असं नाही. माझी नोकरी नोएडातल्या एका शाळेत होती. बदल्यांपायी मी आधीच्या नोकऱ्या सोडल्या होत्या, ही सोडायची नव्हती. 2009 मध्ये मेट्रो नोएडापर्यंत आली होती, त्यामुळे मुलीला क्लासला एकटीने जाता येणार होतं. आजारपणात कँटमधलं आर अँड आर हॉस्पिटल गाठता येणार होतं. शेजारी अशा बायका असणार होत्या ज्यांना 'तो फील्डवर आहे' एवढं एक वाक्य पुरेल, पुढचं काही सांगावं लागणार नाही. द्वारका नवऱ्याच्या ऑफिसला जवळ होती. नोएडा माझ्या दिवसाला जवळ होतं.

जुनं, उभं असलेलं, लोक राहत असलेलं घर घ्यायचं, हेही त्याच रकान्याने ठरवलं. दिल्लीच्या भोवताली ज्यांनी कागदावरची घरं घेतली त्यांचे हाल आम्ही रोज पाहत होतो. आम्रपाली या बिल्डर समूहाच्या प्रकल्पांत 40,000हून जास्त लोकांचे पैसे अडकले. 23 जुलै 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या समूहाची रेरा, म्हणजे गृहबांधणी नियामकाकडची नोंदणी रद्द केली आणि अर्धवट इमारती पूर्ण करण्याचं काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवलं. त्या कंपनीच्या जाहिरातीत महेंद्रसिंग धोनी होता, जो टेरिटोरियल आर्मीचा मानद लेफ्टनंट कर्नलही आहे, आणि शेवटी आपल्या हक्कासाठी त्यालाही न्यायालयाचं दार वाजवावं लागलं. सेक्टर 93-एमधले सुपरटेक बिल्डरचे बेकायदा ठरलेले जुळे मनोरे 28 ऑगस्ट 2022 रोजी सुमारे 3,700 किलो स्फोटकांनी काही सेकंदांत खाली आणले गेले, तेव्हा आमच्या गच्चीवरून नुसता धुरळा दिसला. आपल्याच संस्थेचं घर म्हणून निर्धास्त राहावं, तर तेही नाही. आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन 1978 ची, हवाई दल-नौदलाचं हाउसिंग बोर्ड 1980 चं. ना नफा ना तोटा या तत्त्वावर दोघांनी हजारो फौजींना छप्पर दिलं, पुण्याचं साळुंके विहार आणि इथलं जलवायू विहार त्यातलंच. तरीही कोचीच्या चंदर कुंज आर्मी टॉवर्सच्या दोन इमारती राहण्यायोग्य नाहीत म्हणून पाडून नव्याने बांधाव्यात, असा आदेश केरळ उच्च न्यायालयाला फेब्रुवारी 2025 मध्ये द्यावा लागला. ज्याला महिन्यातून एकदा साइटवर चक्कर टाकता येते तो बिल्डरवर नजर ठेवू शकतो. सियाचिनच्या पायथ्याशी असलेल्या माणसाने ती कशी ठेवायची? फौजीच्या घराला भिंती आधीच असलेल्या बऱ्या.

व्यवहार झाला तेव्हा तो काश्मीरमध्ये होता. जायच्या आधी पॉवर ऑफ अॅटर्नी करून गेला होता. मी निबंधकाच्या कार्यालयात अंगठा आणि फोटो देऊन बाहेर आले आणि वकिलाने सांगितलं, मॅडम, अजून प्राधिकरणाच्या दफ्तरात नाव बदलायचं बाकी आहे. नोएडात जमीन आपली नसते. 17 एप्रिल 1976 रोजी आणीबाणीत स्थापन झालेल्या या नगरीत मालक प्राधिकरण, आणि आपल्याकडे 90 वर्षांचा पट्टा. रात्री फोन लागला तेव्हा मी नवऱ्याला हे सांगितलं. तो हसला. "म्हणजे इथेही पोस्टिंगच की. मुदत तेवढी लांब आहे."

कागदावर पहिलं नाव माझं आहे. त्यात व्यवहारही आहे. दिल्लीत आणि हरियाणात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्क 2 टक्क्यांनी कमी पडतं. गुरगावच्या शहरी हद्दीत पुरुषाला 7 आणि बाईला 5. उत्तर प्रदेशातही सवलत आहे, आम्ही घेतलं तेव्हा ती नावापुरती होती. पण शुल्क एक रुपयानेही कमी झालं नसतं तरी मी पहिलं नाव सोडलं नसतं. पाण्याची टाकी फुटल्यावर प्लंबरला मी बोलावणार, सोसायटीच्या सभेत पार्किंगसाठी मी भांडणार, आणि वेळ आलीच तर, ज्या वेळेचं नाव आम्ही बायका घेत नाही, त्या वेळी ज्या दारात गाडी थांबेल ते हेच दार असेल.

त्या वेळेचा विचार कायद्यानेही केला आहे. 1958च्या दिल्ली भाडे नियंत्रण कायद्यात 1988 मध्ये कलम 14-बी आलं. सैन्यातून निवृत्त झालेल्याला, निवृत्ती वर्षभरावर आलेल्याला, किंवा युद्धात कामी आलेल्याच्या अवलंबितांना राहायला घर हवं असेल, तर भाडेकरूकडून ते लवकर परत मिळवण्याचा हक्क त्याने दिला. महाराष्ट्राच्या 1999च्या कायद्यातही कलम 23 अशाच कारणासाठी आहे. मला या कलमांचं कोरडं वाक्य फार माणुसकीचं वाटतं. सैनिक आपल्या घरात राहत नाही, ते दुसऱ्याला देतो, आणि एक दिवस त्याला किंवा त्याच्या माघारी राहिलेल्यांना ते लागतंच, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. बैठकीतल्या चर्चेत भाव आणि परतावा येतो. माघारी राहिलेली माणसं या कलमात येतात.

याचा अर्थ दिल्लीतच घर घ्यावं, असा मुळीच नाही. आमच्या ओळखीची कितीतरी मराठी कुटुंबं दिल्लीची पोस्टिंग भोगून पुण्याला गेली. वानवडी, लोहगाव, दिघी, तिथे कँटीन आहे, मिलिटरी हॉस्पिटल आहे, गावाकडे जायला संध्याकाळची एसटी आहे, आणि भाजीवालीशी आपल्या भाषेत दोन पैशांवरून वाद घालता येतो. त्यांच्या बायकांचे दिवस तिथे होते, म्हणून घर तिथे. नोव्हेंबरात इथली हवा अशी होते की शाळा बंद ठेवाव्या लागतात. त्या दिवसांत मीही पुण्याच्या जाहिराती वाचते. माझी एक मैत्रीण नाशिकला आई-वडिलांच्या शेजारच्या इमारतीत राहते, नवरा आता दिल्लीला मेसमध्ये एकटा. त्याच्या मित्रांना वाटतं, ऐन पीस पोस्टिंगमध्ये वेगळं राहणं म्हणजे काय! पण तिची स्वतःची ओपीडी आहे, रोज रुग्ण येतात. पोस्टिंग तीन वर्षांची, ओपीडी आयुष्याची.

जवानाचा हिशेब तर आणखी निराळा. शिपाई 17-19 वर्षांच्या नोकरीनंतर, म्हणजे चाळिशीच्या आतच घरी येतो. कर्नलला 54 पर्यंत मुदत मिळते. शिपायाला पुढे दुसरी नोकरी शोधायची असते आणि घर त्या नोकरीच्या वाटेवर हवं असतं. 2022 नंतर भरती झालेल्या अग्निवीरांपैकी बहुतेकांना चार वर्षांनीच सेवा निधीचे सुमारे 11.71 लाख घेऊन बाहेर पडायचं आहे. त्या वयात, त्या रकमेत, छावणीजवळचं घर हा विषयच येत नाही. त्याची आई जिथे आहे तेच घर. तिथेही विचारायचा प्रश्न तोच: तो नसताना तिथे कोण राहतंय, आणि त्यांना काय लागतं?

क्वार्टरमध्येच आयुष्य काढणाऱ्यांनाही मी वेडं म्हणणार नाही. क्वार्टरचं एक सुख विकत मिळत नाही. तिथे शेजारीण बदलते पण शेजार बदलत नाही. पठाणकोटला जिने मूल सांभाळलं ती पुढे वेलिंग्टनला भेटते आणि बोलणं मागच्या पानावरून पुढे सुरू होतं. स्वतःच्या घरात गेल्यावर ते तुटतं. पहिल्या वर्षी मला मार्चिंग आउटची यादी घेऊन येणाऱ्या माणसाचीसुद्धा आठवण आली. पंखे मोजणारं कुणी नव्हतं. तडकलेली काच महिनाभर तशीच राहिली, कारण ती आता माझी होती आणि तिच्यासाठी कुणी पावती फाडणार नव्हतं.

परवा एक कॅप्टनची बायको घरी आली. नगरकडची, लग्नाला थोडे महिने झालेली, आयटीतली नोकरी, नोएडाच्याच सेक्टर 62 मधल्या कंपनीत. आधी रिवाजाप्रमाणे "मॅम" म्हणाली, मग पोह्यांवर लिंबू पिळताना "ताई" वर आली. नवऱ्याची पोस्टिंग दिल्ली कँटला. तो म्हणतोय गुरगावला घेऊ, हायवेने ऑफिस जवळ. तुम्ही इतकी वर्षं काढलीत, तुम्हाला काय वाटतं?

मी तिला हप्त्याचा आणि भाड्याचा हिशेब सांगितला, रेराच्या साइटवर प्रकल्प कसा शोधायचा ते दाखवलं, आबांचा कायदा सांगितला आणि सासूबाईंचं वाक्यही. मग म्हटलं, "तो दोन वर्षं नाही असं धर. सकाळी उठून तू त्या घरातून कामावर कशी जाशील, ताप आला तर कुणाला हाक मारशील, ते आधी लिही. त्यातून जो पत्ता निघेल तो घ्या. तो पत्ता योगायोगाने त्याच्या पोस्टिंगजवळ निघाला तर उत्तम."

ती जरा वेळ गप्प होती. "पण ताई, त्याला हे आवडेल का? तो म्हणेल, मी इथे आहे तोवर तरी आपण एकत्र राहू."

"म्हणेलच. आणि खरंच आहे ते. तो इथे आहे तोवर क्वार्टर घ्या आणि एकत्र राहा. ती वर्षं हप्ते मोजण्यात घालवायची नसतात. घर घ्यायचं ते नंतरच्या वर्षांसाठी, आणि त्या वर्षांबद्दल त्याच्यापेक्षा तुला जास्त कळणार आहे."

तिने मोबाइल काढला. गुरगावच्या प्रकल्पाचं पान मिटलं आणि विचारलं, "सेक्टर 62 पासून इथे मेट्रोने किती वेळ लागतो? आणि तुमच्याकडे पाणी गंगेचं येतं की बोअरचं?"

पोस्टिंगचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दोन्ही नळ उघडून दाखवले.